एका माणसाला एक प्रकरण

ग्रंथालयातली पोरगी "बोला, आजी" म्हणाली आणि पहिल्याच घासाला खडा लागला.

"आजी तुझ्या घरी," आक्का म्हणाली. "मला सगळे आक्का म्हणतात. तूही म्हण, फुकट आहे."

पोरगी म्हणजे तिथली ग्रंथपाल. वयानं आक्काच्या नातीएवढी, पण चेहरा असा की हसू उसनं नेलं तर वेळेत परत करावं लागेल. आत जाऊन तिनं एक पुस्तक आणलं आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. पाठ निखळलेली, पुठ्ठ्याचा कोपरा मऊ पडलेला. आक्कानं ते उघडलं नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा नुसता हात ठेवला.

हे पुस्तक तिच्या नवऱ्यानं केलं होतं. लिहिलं नव्हतं. लिहिणारा कुणी दुसराच, एकदा छापखान्यात येऊन चहा पिऊन गेला एवढंच. केलं ते नवऱ्यानं. तो खिळे जुळवायचा. शिशाचं एकेक उलटं अक्षर चिमटीनं उचलायचं, ओळीत बसवायचं, ओळ भरली की दुसरी. अख्खं पुस्तक असं त्याच्या बोटांतून गेलं होतं. आत लेखकाचं नाव होतं, प्रकाशकाचं होतं, छापखान्याच्या मालकाचंसुद्धा होतं. याचं कुठेच नव्हतं. "सुताराचं नाव दारावर कुणी कोरतं का?" असं तो म्हणायचा. "कोरावं," आक्का म्हणायची.

मालकानं त्याला एक प्रत दिली होती. संध्याकाळी आक्का निवडणं-टिपणं घेऊन बसली की तो दिव्याखाली बसून त्यातलं वाचायचा. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. घरात दुसरी पुस्तकं आली नाहीत असं नाही, पण ती जावयासारखी आली नि गेली. हे घरचं होतं. नवरा गेला तेव्हा तिनंच ते त्याच्या उशाशी ठेवलं आणि ते त्याच्याबरोबर गेलं. लेक म्हणाली होती, आई, राहू दे ना ते. आक्का म्हणाली, ज्याचं त्याला.

तेव्हा तिला वाटलं होतं, पुस्तक गेलं तरी आवाज कुठे जातोय. आणि नव्हताच गेला. भांडी घासताना, पायऱ्या उतरताना तो तिच्या डोक्यात वाचत असे. गोष्ट एका नावाडणीची होती. बापामागं नाव तिच्याकडे येते, मग पूर येतो, मग पैलतीराचा एक माणूस येतो आणि राहत नाही, मग नदीवर पूल व्हायला लागतो. शेवटी पूल होतो आणि घाटावर कुणी येईनासं होतं. इथवर आक्काला सगळं पाठ होतं. पुढे नावेचं काय झालं, तेच अलीकडे आठवेना. त्या जागी नवऱ्याला नेहमी खोकला यायचा. खोकल्याआधीचं वाक्य आठवे. तोंडाशी मूठ धरून दिलेला खोकलाही आठवे. पुढचं वाक्य मात्र गेलं होतं. मग त्याच्या पुढचं पान गेलं. नवरा एकदा गेला ते तिनं सोसलं होतं. आता तो थोडा थोडा जायला लागला होता, आणि ते सोसवेना.

म्हणून ती दोन बस बदलून इथे आली होती. शहरात ही एकच प्रत राहिली होती.

"पुस्तक बाहेर देता येत नाही," ग्रंथपाल म्हणाली. "तुम्ही इथे बसून वाचा. टेबल आहे, पंखा आहे."

आक्कानं टेबलाकडे पाहिलं. माणसं तोंड मिटून वाचत होती. आक्का शाळेत गेली होती ती जेमतेम फळा पुसण्यापुरती. वाचता येत होतं, पण ओळीखाली बोट लागे आणि ओठ हलत. हे घरच्या भिंतींनी पाहिलेलं पुरे होतं. चारचौघांत बोट ठेवून वाचणं तिच्याच्यानं होणार नव्हतं.

"झेरॉक्स काढून दे," ती म्हणाली. "यंत्र दिसतंय की तिथे."

"पूर्ण पुस्तकाची नाही काढता येत."

"का? बाजारात तर मिळत नाही. मी सगळी दुकानं पालथी घातली."

"मिळत नाही हे खरं. पण मिळत नाही म्हणजे ते कुणाचंच नाही, असं होत नाही ना, आक्का. लेखक गेले, पण त्यांच्यामागे हक्क वारसांकडे असतो, पुष्कळ वर्षं. पूर्ण पुस्तक हवं तर त्यांची परवानगी लागते."

"मग घे."

"वारस सापडत नाहीत. मागे आम्ही प्रकाशकाला पत्र पाठवलं होतं, ते तसंच परत आलं. ते दुकानच बंद झालंय."

"म्हणजे हो म्हणायला कुणी नाही."

"नाही."

"आणि नाही म्हणायला?"

"तेही कुणी नाही."

"मग?"

"मग नाही."

आक्कानं उभ्या जन्मात पुष्कळ नकार ऐकले होते, दिलेही होते. पण नकार देणारंच कुणी नसताना आलेला नकार तिनं पहिल्यांदा पाहिला. ती पोरीकडे बघत राहिली. पोरगीही मऊ पडली असावी. म्हणाली, "स्वतःच्या वाचनासाठी एका माणसाला एक प्रकरण काढून देता येतं. सभासद व्हायचं, स्वतः यायचं, सही करायची. एका पुस्तकातलं एकदाच. बदलून मिळत नाही."

"एका माणसाला एक."

"हो."

"आणि प्रकरणं किती?"

"पाच."

आक्का हसली. पाठीमागे सगळी गल्ली तिला फौजदारीण म्हणे, ते या हसण्यावरून. "पाच काय, पन्नास माणसं आणते. अगं, माझ्या घरात एका वेळेला वीस ताटं वाढली जायची. पाच माणसं म्हणजे आमच्याकडे कुणी शिंकलं तर जमायची तेवढी."

"मग आज तुमच्या नावावर कोणतं काढू?"

इथे आक्काची चूक झाली. शेवटचं मागितलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण एक तर तोंडातून पन्नास माणसं निघून गेली होती, आणि दुसरं, पुस्तक शेवटाकडून कोण वाचतं? घर काय पत्र्याकडून बांधतात? बाकीची चार प्रकरणं आठवड्याभरात येणारच होती.

"पहिलं," ती म्हणाली आणि दाखवतील तिथे सही ठोकली.

यंत्रावरचा माणूस पानं काढून देताना हळूच म्हणाला, "आक्का, बाई दुपारी जेवायला जातात. तेव्हा या. सगळंच काढून देतो, कोण बघतंय?"

"माझ्या नवऱ्यानं हातानं जुळवलंय हे," आक्का म्हणाली. "त्याच्या घरात मी मागच्या दारानं शिरू?"

यंत्रवाला कानशिलं लाल करून टोनर बघायला लागला.

घरी येऊन ती माणसं मोजायला बसली. मोजायला बसल्यावर कळलं की वीस ताटांतली निम्मी माणसं वर गेली होती आणि उरलेली बाहेर. थोरला समुद्रापलीकडे. त्याचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, झेरॉक्स कसल्या काढतेस? इंटरनेटवर बघतो मी." बघितलं. नव्हतं. मग त्यानं तिला गोष्टी वाचून दाखवणारं एक यंत्र पाठवायची तयारी दाखवली. "त्याला खोकला येतो का?" आक्कानं विचारलं. थोरल्याला काही कळलं नाही. लेक दोन देश पलीकडे, तिच्या पोरांच्या परीक्षा. "सुट्टीत येते ना, आई." सुट्टी म्हणजे केव्हा, हे लेकीनं सांगितलं नाही आणि आक्कानं विचारलं नाही. विचारलं की मोजत बसावं लागतं.

धाकटा याच शहरात होता, पुलापलीकडे. पण धाकट्याचं आणि तिचं बिनसलेलं. बाप गेल्यावर तो म्हणाला होता, आई, हे घर विकू, तू आमच्याकडे ये. ती म्हणाली होती, दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाहुणी म्हणून राहायला मला अजून हातपाय आहेत. "दुसऱ्याच्या" हा शब्द त्याला लागला. सुनेला त्याच्याआधी लागला. तेव्हापासून तो मुलाच्या वाढदिवसाला फोन करी, "बरी आहेस ना?" विचारी आणि "बरी आहे" ऐकून ठेवून देई.

तर आधी तिनं तळमजल्यावरच्या शिंप्याला धरलं. हा भाडेकरू. बायको नाही, पोर नाही, तोंडात कायम टाचण्या.

"आक्का, मी आणि ग्रंथालय?" तो टाचण्यांमधून म्हणाला. "मी मापाच्या आकड्यांपलीकडे वाचत नाही."

"तुला कुणी परीक्षेला बसवत नाही. सही कर, पानं घे, मला आणून दे."

दोघं गेले. ग्रंथपालनं दुसरं प्रकरण काढायला सांगितलं आणि सहीआधी शिंप्याला कागदावरचा मजकूर वाचून दाखवला. ही प्रत माझ्या स्वतःच्या वाचनासाठी आहे. ती मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

"थांब," आक्का म्हणाली. "हे मला नव्हतं वाचून दाखवलंस."

"तुम्ही आधीच सही केलीत, आक्का."

"म्हणजे यानं घेतलेलं मला द्यायचं नाही?"

"नाही. ज्यानं सही केली त्याचंच."

शिंपी आक्काकडे, आक्का पोरीकडे. यंत्रवाला छताकडे, कारण त्याला हसू येत होतं. साधी बाई असती तर मान डोलावून बाहेर पडली असती आणि दारातच पानं हातात घेतली असती. कोण येणार होतं बघायला? पण आक्काचं तसं नव्हतं. तिनं लोकांना आयुष्यभर नियम लावले होते, मीठ कधी मागायचं इथपासून जिन्यात कुठे थुंकायचं नाही इथपर्यंत. आता स्वतःवर आल्यावर नियम मोडला तर फौजदारी राहते कुठे?

तिनं जरा विचार केला. "वाचून दाखवायला बंदी आहे का?"

"कुणाला?"

"मला. माझ्या घरी. पानं याची, हातात याच्या, कान माझे."

ग्रंथपाल पहिल्यांदा हसली. हसल्यावर ती अगदीच लहान दिसली. "घरात आपल्या माणसाला वाचून दाखवायला कोण बंदी घालेल?"

"मग झालं."

अशी सोय लागली. शिंपी संध्याकाळी वर आला. आधी टाचण्या काढून बशीत ठेवल्या, मग वाचायला लागला. पूर आला तो शिंप्याच्या तोंडून इंच इंच चढला. नदी घराच्या जोत्याला लागेपर्यंत चहा दोनदा झाला. पण वाचताना तो असा रंगला की नाव उलटली तेव्हा म्हणाला, "गेलं कापड वाया." आक्काला नवऱ्याचा आवाज त्यात शोधावा लागत होता. मधूनच एखादं वाक्य यायचं नि तिला आतून पुढचं ऐकू यायचं. त्या संध्याकाळी तिनं बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या माणसासाठी कप विसळला.

तिसरं धाकट्या जावेनं घेतलं. ही येताना बसमधून दोनदा उतरायला निघाली होती, कारण आक्का सांगेल ते न करायचं तिनं जन्मभराचं व्रत घेतलेलं. आली मात्र. पैलतीरावरच्या माणसाचं प्रकरण तिच्या वाट्याला आलं, आणि जाऊ वाचण्यापेक्षा बोललीच जास्त.

"बघ आक्का, हा पण आपल्या मामेसासऱ्यांसारखा. जेवला, झोपला, निघाला."

"धाकटे, तू वाच."

"वाचतेय ना. अगं, पण हिनं त्याला विचारावं तरी, राहतोस का म्हणून. तोंड शिवलं होतं का हिचं?"

"नाही विचारलं."

"का?"

"नाही विचारत कुणी कुणी," आक्का म्हणाली. "वाच पुढे."

जाऊ मुकाट वाचायला लागली.

चौथ्याला माणूसच मिळेना. समोरच्या बाईला तिनं विचारलं तर ती म्हणाली, हो हो, नक्की, आणि तेव्हापासून समोरचं दार तिच्या पावलाची चाहूल लागली की बंद व्हायला लागलं. दुधवाला म्हणाला, माझी सही बँकेतसुद्धा चालत नाही. आक्का एकटीच ग्रंथालयात जाऊन बसली. बाकावर, बोट न लावता एक वर्तमानपत्र धरून, जणू कुणाची वाट बघतेय. ग्रंथपालनं दोनदा पाहिलं आणि काही विचारलं नाही, तेच आक्काला जास्त झोंबलं. पन्नास माणसं म्हणाली होती ती.

शेवटी यंत्रवालाच येऊन शेजारी बसला. "आक्का, मी पण सभासद आहे. आम्हाला नोकरीबरोबरच मिळतं ते."

"तुला काय वाचनाची हौस?"

"दिवसभर पानं काढतो. वाचलं एकही नाही. आता वाचतो एक." आणि खाली बघत म्हणाला, "त्या दिवशीचं मनात धरू नका."

"धरलं असतं तर तू बोलू शकला असतास का?" आक्का म्हणाली.

रविवारी तो आला. पुलाचं प्रकरण त्यानं फडाफडा वाचलं, कामगारांचे आवाज वेगवेगळे काढून, मुकादमाला तर असं बोबडं केलं की आक्का पदराआड हसली. निघताना म्हणाला, "शेवटी नावेचं काय होतं हो? डोक्याला भुंगा लागला."

"मलाही," आक्का म्हणाली.

राहिलं पाचवं, आणि राहिला धाकटा. आक्कानं शिंप्याकरवी निरोप दिला. शिंप्यानं फोनवर काय सांगितलं देव जाणे, पण धाकटा आला. गाडी रस्त्यावर चालूच ठेवून ग्रंथालयात शिरला. केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे. कुणी तिला ते सांगितलं नव्हतं.

"कुठे सही करू?" त्यानं विचारलं, आणि केली. पानं यंत्रातून निघाली तशी उचलून आईपुढे धरली. "घे. झालं ना?"

"ती तुझी आहेत," आक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"मला घेता येत नाहीत. तू घरी येऊन वाचून दाखवायचीस."

धाकट्यानं ग्रंथपालकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. घरातल्या भांडणात ग्रंथपालनं बोलू नये हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"आई, कोण विचारणार आहे?"

"मी."

त्यानं पानं बॅगेत कोंबली. "रविवारी येतो," म्हणाला आणि गेला.

त्या रविवारी आक्कानं जिना झाडला. दोन खुर्च्या दिव्याखाली ओढल्या. त्याला बापासारखा चहा कडक लागायचा, तसा उकळला, निवला, पुन्हा उकळला. शेवटी काळा झाला तेव्हा स्वतः प्यायली. पुढच्या रविवारी जिना झाडला नाही, खुर्च्या मात्र तिथेच होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी शिंपी वर येऊन म्हणाला, "आक्का, मी येऊन पुराचं पुन्हा वाचू का?" "पूर किती वेळा आणशील?" असं ती म्हणाली, पण त्याला बस म्हणाली.

मग एक दिवस धाकट्याच्या कचेरीतला शिपाई जाडं पाकीट घेऊन आला. आत काय आहे ते हाताला कळत होतं. आक्कानं पाकीट ओट्यावर ठेवलं. दुपारभर ते तिथे होतं आणि ती त्याच्या आजूबाजूनं कामं करत होती. बोट लावून वाचलं असतं तर संध्याकाळपर्यंत संपलं असतं. नावेचं काय झालं ते कळलं असतं, खोकल्यापुढचं वाक्य परत मिळालं असतं. तिनं एकदा पाकिटाचा चिकटलेला कडेचा भाग अंगठ्यानं दाबून पाहिला. मग उघडं राहू नये म्हणून पुन्हा दाबला.

दिवेलागणीला तिनं शिंप्याला हाक मारली. "हे पुलापलीकडे देऊन ये. म्हणावं, चुकून इकडे आलं."

रात्री झोपायच्या आत फोन वाजला.

"आई, हे काय लावलंयस?" धाकट्याचा आवाज चिरका झाला होता, लहानपणी व्हायचा तसा. "पाठवली ना पानं? परत का?"

"सही कुणाची आहे?"

"सही, सही. मला सवड नाही गं. खरंच नाही. सकाळी बाहेर पडतो तो..."

"मी कुठे म्हटलं, सवड आहे म्हणून?"

मग पाकीट टराटरा फाडल्याचा आवाज आला. "ऐक मग," तो म्हणाला आणि वाचायला लागला. बिल वाचावं तसा, एका दमात, पूल झाला घाट ओस पडला नावाडीण पायरीवर बसली.

"हळू," आक्का म्हणाली. "तिथे स्वल्पविराम आहे. तुझ्या बापानं तो चिमटीनं उचलून बसवलाय. गिळू नकोस."

पुन्हा सुरू झाला तेव्हा तो सावकाश वाचत होता. आवाज बापाचा नव्हता. आक्कानं डोळे मिटून पाहिलं, तरी नव्हता. धाकट्याचाच होता, थकलेला, मधेच घसा खाकरणारा. सकाळी नावाडीण उठते, दोर सोडते, रिकामी नाव पलीकडे नेते आणि रिकामी परत आणते. पुलावरून माणसं जातात, कुणी खाली बघत नाही. आक्काच्या ओठांवर पुढचं वाक्य येत होतं आणि त्याच्या तोंडून निघत होतं, एक, मग एक. मग खोकल्याआधीचं वाक्य आलं. आक्कानं फोन दोन्ही हातांनी धरला.

मागून कुणीतरी त्याला हाक मारली.

"आई, थांबावं लागेल आता," तो म्हणाला. "कामाचा फोन आलाय दुसरा. बाकीचं नंतर."

"बरं," आक्का म्हणाली.

नंतर म्हणजे केव्हा, हे त्यानं सांगितलं नाही. ती विचारणार नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं दिवसभर फोन जाईल तिथे नेला, न्हाणीघराच्या दाराशीसुद्धा स्टूल ठेवून त्यावर ठेवला. शिंपी वर डोकावून गेला. यंत्रवाल्यानं कुणाकरवी विचारून पाठवलं, कळलं का नावेचं? तिसऱ्या दिवशीही फोन गप्प. संध्याकाळी ती दिव्याखाली जाऊन बसली आणि सगळं पहिल्यापासून मनात म्हणून बघायला लागली. बापामागं नाव येते. पूर. इथे तिला आता शिंप्याचं "गेलं कापड वाया" ऐकू आलं. पैलतीरावरच्या माणसाशी जाऊ भांडली. मुकादम बोबडं बोलला. घाटाच्या पायरीवर धाकट्यानं घसा खाकरला. नवरा मात्र कुठे बोलेना. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच.

मग चष्मा लावून आकडे शोधत तिनं फोन लावला. थोरल्यानं घेऊन दिल्यापासून या फोनवरून ती कधी स्वतःहून कुणाशी बोलली नव्हती. वाजेल तेव्हा उचलायचा, एवढंच तिला ठाऊक.

"हॅलो? आई? काय झालं?" धाकटा घाबरला होता.

"काही झालं नाही," ती म्हणाली. "पुढे?"

"काय पुढे?"

"नाव रिकामी आली. पुढे?"

तो म्हणाला, "आई, आम्ही जेवायला बसलोय गं."

"जेव," आक्का म्हणाली. "मी थांबते."

"वेळ लागेल."

"लागू दे."

त्यानं फोन बंद केला नाही. टेबलावर ठेवला असावा, कारण काहीतरी टक्क वाजलं आणि मग त्या घरातले आवाज एकदम जवळ आले. चमचा ताटावर लागला. सुनेनं विचारलं, "कोण आहे?" तो म्हणाला, "आई." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी पाणी ओतलं. नातू शाळेतल्या कुणाचं तरी सांगत होता, कोण कुठल्या बाकावरून पडलं, आणि ते सांगता सांगता स्वतःच हसत होता. "तोंडात घास असताना बोलू नकोस," सून म्हणाली. सूर थेट आक्काचा.

आक्का कानाला फोन लावून बसली होती. इकडे घरात काहीच वाजत नव्हतं. पलीकडे कुणीतरी आणखी वाढून मागितलं. तिनं फोन जरा घट्ट दाबला, म्हणजे सगळी ताटं ऐकू येतील.